तांब्याच्या पत्र्यावर येशूजन्माचं चित्र: मॅनेरिस्ट कार्यशाळेची रीत, नाशिकची हवा

नाशिकच्या हवेत लाकडी फळीवर तैलचित्र टिकवणं अवघड असतं. मे महिन्यात फळी आटते आणि जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेने फुगते. ३० सें.मी. रुंदीची सागवानी फळी या दोन टोकांत सहज दोन-तीन मि.मी. सरकते. वर वाळून कडक झालेला रंग मात्र तिच्याबरोबर सरकू शकत नाही, म्हणून लाकडाच्या रेषेला धरून उभ्या भेगा पडतात. तांब्याला दमटपणा फुगवत नाही. उन्हाने तांबं वाढतं खरं, पण तापमानात २५ अंशांचा फरक पडला तरी ३० सें.मी.मागे जेमतेम ०.१३ मि.मी. तेवढं तेलाचा थर सोसतो.

ज्या गावात तांबटांची पिढीजात वस्ती आहे तिथे हा पत्रा शोधायला लांब जावं लागत नाही. आणि निवडलेल्या विषयालाही तांबंच साजतं. सोळाव्या शतकाच्या शेवटी युरोपात मॅनेरिस्ट, म्हणजे माणसं मुद्दाम लांब आणि पिळवटून काढणारे, चित्रकार लहान आकाराची धर्मचित्रं तांब्यावर करत. प्रागमध्ये सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या दरबारी स्प्रांगर आणि हान्स फॉन आखेन होते, तर १५९५ ते १६०६ या काळात व्हेनिसमध्ये रॉटनहामर होता. अँटवर्पचा तांबट पीटर स्टास तर अशा पत्र्यांच्या मागे आपला शिक्का मारत असे. गुळगुळीत पत्र्यावर रंग मिन्यासारखा दिसतो. बारीक बोटं, रेशमी वस्त्रं, रात्रीचा उजेड हे सगळं कॅनव्हासच्या पोतात हरवतं, तांब्यावर ते शाबूत राहतं.

इथे ३० × २४ सें.मी. उभ्या आकाराचं चित्र धरलं आहे. तीन-चार जणांनी मिळून करायचं आहे. कार्यशाळेचं चित्र एकट्याने करता येतं, पण मग त्याला कार्यशाळेचं म्हणण्यात अर्थ नाही.

कधी सुरू करायचं

दसऱ्याच्या सुमारास. तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन तो घट्ट होतो, आणि थंडीत व दमट हवेत ही क्रिया मंदावते. ऑक्टोबरची कोरडी ऊब अस्तरासाठी, म्हणजे चित्राखालच्या पहिल्या थरासाठी, सगळ्यात चांगली. तेव्हा अस्तर लावलं तर नोव्हेंबरात रेखाटन आणि खालचं रंगकाम होतं, डिसेंबरच्या मध्यापर्यंत वरचे थर लागतात आणि नाताळला चित्र उभं करता येतं. व्हार्निश मात्र त्या नाताळला लावायचं नाही, ते पाच-सहा महिन्यांनी. पावसाळ्यात अस्तर लावलं तर तेच काम दुप्पट दिवस घेतं आणि चिकट थरावर धूळ बसते ती वेगळीच.

पत्रा

१८ गेजचा घ्या, म्हणजे साधारण १.२ मि.मी. जाडीचा. पत्रा किलोच्या भावाने मिळतो. या आकाराच्या तुकड्याच्या वजनाचा हिशेब असा: ३० × २४ × ०.१२ म्हणजे ८६ घनसेंटिमीटर, तांब्याची घनता जवळपास ९, म्हणून पावणेआठशे ग्रॅम. २२ गेजचा पत्रा स्वस्त पडतो, पण तो हातात वाकतो, आणि एकदा वाकलेल्या जागेवरचा रंग कधी ना कधी सुटतोच.

तांबटाला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. पत्रा मठारलेला नको, सपाट हवा. भांड्यावर मठारकाम सुंदर दिसतं, पण चित्राखाली त्याचा प्रत्येक ठोका तिरप्या उजेडात चमकतो. दुसरं, तापवून मऊ केलेला नको. मऊ पत्र्याला बोटाच्या दाबानेही खळगा पडतो. कात्रीने कापताना कडा वळते, ती सपाट लोखंडावर ठेवून लाकडी हातोड्याने बसवून घ्या आणि कानशीने कडांची धार मोडा. भोकं पाडू नका.

आता सफाई. घरची सवय म्हणजे चिंच-मीठ किंवा भांडी उजळायची पावडर. इथे ती पूर्ण टाळा. मिठातलं क्लोराइड पत्र्याच्या ओरखड्यांत बसून राहतं आणि वर्षा-दोन वर्षांनी रंगाखालून हिरवा जंग वर येतो. साध्या साबणाने धुवा, कोरडं करा, मग ३२० नंबरच्या आणि नंतर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवं-उभं घासा. आरशासारखी चमक जाऊन सगळीकडे सारखी मंद झळाळी आली की थांबा. शेवटी सुती फडक्यावर अॅसिटोन घेऊन पुसा. फडकं काळं यायचं थांबेपर्यंत पुसत राहा. यानंतर पत्र्याला उघडा हात लावायचा नाही. घामाच्या बोटांचे ठसे तांब्यात कोरल्यासारखे उमटतात.

यानंतर लसूण. पाकळी आडवी कापून तिचा रस पूर्ण पत्र्यावर चोळा आणि तासभर वाळू द्या. जुन्या युरोपी कृतींमध्ये हे सांगितलेलं आहे. रसाचा पातळ चिकट पापुद्रा तेलाला धरून ठेवतो. एका पाकळीत साधारण हाताच्या पंजाएवढी जागा होते.

अस्तर

पाण्यातला अॅक्रिलिक जेसो तांब्यावर लावू नका. तो पापुद्र्यासारखा सोलून निघतो. सरस-खडूचं अस्तरही नको, ते लाकडासाठी आहे. इथे तेलातलंच अस्तर हवं. जुने लोक शिशाचा सफेदा वापरत. तो विषारी आहे, घरात आणि विशेषतः मुलं असतील तिथे आणू नये.

१५ ग्रॅम टायटॅनियम पांढरा, हरभऱ्याएवढा बर्न्ट अंबर आणि त्याच्या निम्मा यलो ओकर काचेवर सुरीने एकजीव करा. अंबर फक्त रंगासाठी नाही. त्यात मँगनीज असतं आणि त्याने तेल लवकर वाळतं. निम्मा रंग, म्हणजे सात-आठ ग्रॅम, पहिल्या थराला पुरतो. ब्रशने पसरा आणि मग तळहाताच्या उंचवट्याने पूर्ण पृष्ठभाग थोपटा. थोपटल्याने ब्रशच्या रेषा जातात आणि संत्र्याच्या सालीसारखा अगदी बारीक पोत येतो, त्यावर पुढचा रंग पकड घेतो. हातमोजे घालून थोपटलं तरी चालतं.

पाच-सात दिवसांनी दुसरा थर. त्याआधी ४०० नंबरचा पेपर हलकेच फिरवा. दुसरा थर झाला की पत्रा खिडकीकडे धरून तिरप्या उजेडात बघा. टाचणीएवढीही तांब्याची लाल जागा दिसली तर ती भरा. तिथे वरच्या तेलातली आम्लं थेट तांब्याशी मिळून हिरवट डाग करतात, आणि तो डाग नेमका बाळाच्या पांढऱ्या वस्त्रावर उमटला तर झाकता येत नाही.

अस्तर पक्कं झालंय का हे तपासायला कोपऱ्यात नख दाबा. खूण उमटली तर आणखी तीन दिवस थांबा.

रेखाटन: चित्र इथेच बनतं किंवा बिघडतं

मॅनेरिझम म्हणजे साधारण १५२० ते १६०० या काळातली रीत. राफाएलच्या पिढीने साधलेला तोल या चित्रकारांनी मुद्दाम ताणला. माणसं लांब झाली, पिळवटली, गर्दी कडेला ढकलली गेली, रंग अनपेक्षित झाले. म्हणून नेहमीच्या नाताळच्या कार्डावरची रचना, बाळ मधोमध आणि दोन्हीकडे दोघे गुडघ्यावर, इथे घेऊ नका.

आपल्या आकारात रचना अशी मांडा. बाळ मध्यापासून थोडं डावीकडे, खालच्या कडेपासून ९ सें.मी. उंचीवर, गव्हाणीत पसरलेल्या पांढऱ्या बाळंत्यावर. मरिया त्याच्या डावीकडे गुडघ्यावर, बाळंत्याची कड दोन बोटांनी उचललेली. योसेफ तिच्यामागे सावलीत. उजव्या खालच्या कोपऱ्यात एक पाठमोरा मेंढपाळ, चौकटीने अर्धा कापलेला, जमिनीवर पाय बांधलेलं कोकरू ठेवताना. हा पाठमोरा माणूस या रीतीची खूण आहे, तो बघणाऱ्याला आत ओढतो. त्याच्या वर उभा मेंढपाळ, १४ सें.मी. उंच. मागे मोडका खांब. वरच्या ८ सें.मी.त देवदूत, आणि त्यांच्या हातातल्या पट्टीवर ‘परमउंचामध्ये देवाला गौरव’ हे लूकच्या शुभवर्तमानातलं गाणं. ही पट्टी मराठीत लिहिली तरी चालते. मात्र अक्षरं ४ मि.मी.पेक्षा लहान करू नका, रंगात ती गिचमीड होतात.

उभ्या मेंढपाळाचं डोकं दीड सें.मी. ठेवा. म्हणजे अंगाची उंची डोक्याच्या सव्वानऊपटीहून किंचित जास्त होते. साध्या माणसाची साडेसातपट असते. हा जास्तीचा भाग कुठे घालायचा हे महत्त्वाचं आहे: मान, मांडी, नडगी आणि बोटं यांत. छाती आणि डोकं तेवढंच राहू द्या. नवशिके सगळा माणूस सारखा ताणतात आणि मग तो फोटो उभा ओढल्यासारखा दिसतो. फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयातली पार्मिजानिनोची लांब मानेची मरिया नीट पाहिली तर ताण नेमका कुठे दिला आहे ते कळतं.

दुसरी गोष्ट पीळ. चित्रकलेवर लिहिणाऱ्या लोमात्सोने १५८४ मध्ये लिहून ठेवलं आहे की आकृती ज्वाळेसारखी, सापासारखी वळती असावी, आणि हा उपदेश त्याने मायकेलँजेलोच्या नावावर सांगितला. करायचं असं: पावलं उजवीकडे, कंबर समोर, खांदे डावीकडे, चेहरा पुन्हा उजवीकडे. प्रत्येक सांध्याला साधारण ३० अंश, त्याहून जास्त नको. घरातल्याच कुणाला तसं उभं करा. ज्या पवित्र्यात माणूस पाच सेकंदही उभा राहू शकत नाही, तो कागदावर मोडलेला दिसतो. पीळ सगळ्यांना देऊ नका. बाळ आणि मरिया शांत हव्यात, म्हणजे बाकीच्यांची धावपळ त्यांच्याभोवती फिरते.

बैल आणि गाढव यशयाच्या पहिल्या अध्यायातून या दृश्यात आले आहेत. पोळ्याला काढलेली बैलांची रेखाटनं वापरताना एक लक्षात ठेवा: आपल्या बैलाला वशिंड असतं, इटलीतल्या चित्रांत ते दिसत नाही. सोळाव्या शतकाची रीत पाळायची तर वशिंड गाळा. मेंढ्यांचंही तसंच. दख्खनी मेंढी बहुतेक काळी असते, पण या रचनेत कोकरू पांढरंच लागतं, कारण बाळाचा उजेड त्याच्यावर झेलायचा आहे.

पूर्ण रेखाटन आधी त्याच मापाच्या कागदावर करा. ट्रेसिंग कागदावर उतरवून त्याच्या मागच्या बाजूला गेरूची पूड कापसाने घासा. जास्तीची झटका, नाहीतर सगळं अस्तर लाल होतं. चिकटपट्टीने एका कडेला कागद धरा आणि टोकदार पण धार नसलेल्या सळईने रेषा दाबा. मोठ्या भिंतीसाठी कार्यशाळा कागदाला टाचणीने भोकं पाडून त्यातून कोळशाची पूड थोपटत, भरतकामाचा नमुना उतरवतात तसं. दीड सें.मी.च्या डोक्याला मात्र ती रीत जाड पडते. गेरूची रेष पातळ अंबरने पक्की करा, दोन दिवसांनी गेरू झटकून टाका. मूळ ट्रेसिंग जपून ठेवा. इटलीतला चित्रकार जाकोपो बस्सानो आणि त्याच्या मुलांच्या कार्यशाळेने मेंढपाळांच्या दर्शनाची दृश्यं पुन्हा पुन्हा अशाच साठवलेल्या नमुन्यांवरून केली. तीच गाय, तोच वाकलेला मेंढपाळ वेगवेगळ्या चित्रांत भेटतो.

उजेड

उजेड बाळातूनच यावा. चौदाव्या शतकात स्वीडनच्या संत ब्रिजिटने आपल्या दर्शनात बाळाच्या तेजापुढे योसेफच्या हातातली मेणबत्ती फिकी पडल्याचं सांगितलं, आणि चित्रकारांनी ते उचललं. ड्रेस्डेनमधलं कोरेज्जोचं १५३०च्या सुमाराचं रात्रीचं चित्र या प्रकाराचा पाया आहे.

व्यवहारात बाळाभोवती ४ सें.मी.चं वर्तुळ काढा, मग ९ सें.मी.चं. पहिल्या वर्तुळात पूर्ण पांढऱ्यापर्यंत जा, दुसऱ्यात मधल्या छटेपर्यंत, त्याच्या बाहेर फक्त कडांना उजेड. हनुवटीची, नाकाची खालची बाजू उजळ आणि कपाळ सावलीत येतं. हे विसरून नेहमीप्रमाणे कपाळ उजळलं की खोलीत दुसरा दिवा आहे असं वाटतं आणि सगळं दृश्य पडतं. योसेफच्या हातात मेणबत्ती द्यायचीच तर तिची ज्योत पिवळी आणि बाळापेक्षा मंद ठेवा.

रात्र नको असेल तर बुडापेस्टमधलं ब्रोन्झिनोचं मेंढपाळांचं दर्शन समोर ठेवा, थंड आणि स्वच्छ दिवसाचं. एल ग्रेकोचं माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातलं तीन मीटरहून उंच चित्र मात्र या कामाला नमुना म्हणून घेऊ नका. त्याची सुटी, फटकारे मारलेली हाताळणी त्या आकारासाठी आहे, पंजाएवढ्या आकृतीत ती निभत नाही.

रंग: येवल्याची धूपछाव

मॅनेरिस्ट चित्रांत वस्त्राची सावली त्याच रंगाची गडद छटा नसते, ती दुसऱ्याच रंगाची असते. पिवळं वस्त्र सावलीत हिरवं होतं, गुलाबी वस्त्र जांभळं किंवा निळं. येवल्याची पैठणी पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्याचा, पदर हलवला की रंग पालटतो. रंगवायच्या आधी धूपछावीचं कापड दिव्याखाली चुरगाळून ठेवा आणि घडीच्या माथ्यावर कोणता रंग येतो, खोलगट भागात कोणता, हे बघा.

नियम एकच आहे, पण तो पाळावाच लागतो: मुळात उजळ असलेला रंग उजेडात, मुळात गडद असलेला सावलीत. पिवळा पूर्ण तेजात असतानाच सगळ्यात उजळ असतो, निळा पूर्ण तेजात असतानाही गडद. म्हणून पिवळा-हिरवा, नारिंगी-किरमिजी, फिका गुलाबी-निळा या जोड्या चालतात. निळा उजेडात आणि पिवळा सावलीत ठेवला तर घडी आतबाहेर उलटी दिसते. पिवळा-जांभळा ही जोडी देखणी असते, पण मधल्या पट्ट्यात दोघे मिसळले की राखाडी चिखल होतो. तिथे मध्ये बदामी रंगाची अरुंद पट्टी घाला आणि दोन्ही रंग तिच्यापर्यंत आणून थांबवा.

मरियेचा झगा गुलाबी, त्याच्या सावलीत निळसर पालट, वरचं आवरण निळं. त्यावर फार खेळ नको. योसेफला पिवळं-नारिंगी, उभ्या मेंढपाळाला लिंबू-हिरवं, देवदूतांना फिके पालटते रंग. पाठमोरा मेंढपाळ तपकिरीच ठेवा. चित्रात एक तरी साधा रंग नसेल तर बाकीचे पालटताना दिसत नाहीत.

थरांचा क्रम असा. आधी अंबर आणि पांढऱ्याने पूर्ण चित्र छटांत उभं करा, टर्पेंटाइन थोडं, तेल नाही. अंगाच्या भागात अंबरऐवजी टेरे व्हर्टे हा हिरवट रंग. त्यावरचा गुलाबी त्यामुळे जिवंत दिसतो. आठवड्याने वस्त्रांचे रंग. त्यानंतर मॅडर (लाल) आणि अल्ट्रामरीन (निळा) यांचे पारदर्शक थर, त्यांत स्टँड ऑइल (घट्ट केलेलं जवसाचं तेल) आणि टर्पेंटाइन समभाग. चहाच्या अर्ध्या चमच्याइतकं मिश्रण पूर्ण सत्राला पुरतं. वरचा थर नेहमी खालच्यापेक्षा जास्त तेलाचा. उलट केलं तर वरचा आधी वाळतो, खालचा नंतर आकसतो आणि रंगाला भेगा जातात.

तांबं काहीच शोषत नाही, म्हणून कॅनव्हासवर न होणाऱ्या दोन अडचणी इथे होतात. रंग वाळलेल्या थरावर थेंबाथेंबाने गोळा होतो. तेव्हा कापलेला बटाटा किंवा लसूण हलकेच फिरवा, वाळू द्या, मग लावा. दुसरं, सावलीत तेल जास्त झालं की पृष्ठभागाला सुरकुत्या पडतात. सुरकुतलेली जागा घासून काढण्यापलीकडे उपाय नाही, म्हणून काळा आणि मॅडर पातळच लावा. आणि जवसाचं खायचं तेल वापरू नका. घाण्याच्या तेलातला चिकट अंश काढलेला नसतो, ते हळू वाळतं आणि पिवळं पडतं. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड तेल लवकर वाळतं पण काळवंडतं.

तेलाची फडकी बोळा करून कधीही टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

कोणी काय करायचं

एकाने खांब, भिंत, गवत. दुसऱ्याने बैल, गाढव, कोकरू. तिसऱ्याने वस्त्रं. सगळे चेहरे आणि सगळे हात एकाच माणसाने, शेवटी. हे कामाच्या मानापमानासाठी नाही. डोळे, ओठ, बोटं यांत प्रत्येकाचा हात वेगळा दिसतो आणि बघणाऱ्याची नजर तिथेच जाते. घडी किंवा शिंग दोघांनी केलं तर सहज कळत नाही. वस्त्र करणाऱ्याने घडी मनगटापाशी एक मि.मी. अलीकडेच थांबवावी, म्हणजे हात करणाऱ्याला जागा राहते. रंगाच्या जोड्या आधीच कागदावर छोट्या पट्ट्यांत रंगवून भिंतीला लावा आणि सगळ्यांनी त्याच ताटातला रंग घ्यावा. आपापला हिरवा आपण बनवायचा नाही.

चौकट आणि पुढची काळजी

पत्रा चौकटीत घट्ट बसवू नका, चारी बाजूंनी २ मि.मी. मोकळं ठेवा. मागे जाड फेल्टचा तुकडा आणि लाकडी पाठ. भिंतीपासून निदान २ सें.मी. अंतर, कारण पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत बहुधा चित्राचीच असते. पत्र्याच्या मागच्या बाजूला मेणाचा हलका हात द्या. दिवाळीच्या साफसफाईत घरातली सगळी तांब्याची भांडी उजळली जातात, तेव्हा या पत्र्याची पाठ कुणी चिंचेने घासणार नाही हे घरात आधीच सांगून ठेवा.

नाताळात गोठ्यामागे उभं करायचं असेल तर मेणबत्त्या निदान हातभर दूर. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेसाठी चित्र हलवायचं झालं तर रंगाच्या बाजूला प्लास्टिक लावू नका. कोवळ्या रंगाला ते चिकटतं. कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे ठेवून वर पुठ्ठा बांधा, म्हणजे मध्ये हवा राहते. मे महिना संपत आला की सुती फडक्याने धूळ झटका, नखाची परीक्षा पुन्हा एकदा करा, आणि खूण उमटली नाही तर सकाळच्या कोरड्या वेळेत रुंद मऊ ब्रशने डॅमर व्हार्निशचा एकच पातळ हात द्या, पत्रा आडवा ठेवून.